डोळे मिटण्यापूर्वीचे सहा आकडे : एका लष्करी मुलाखतपद्धतीचे प्रकरण

१९५५ साली इस्रायलच्या सैन्यातील एकवीस वर्षांच्या एका लेफ्टनंटकडे एक काम सोपवण्यात आले. आज कोणतेही संरक्षण मंत्रालय ते काम तज्ज्ञांच्या समितीकडेसुद्धा सहजासहजी सोपवणार नाही. लढाऊ तुकड्यांत दाखल होणाऱ्या प्रत्येक नव्या सैनिकाची मुलाखत कशी घ्यायची, त्यातून अपात्र उमेदवार कसे वेगळे काढायचे आणि उरलेल्यांपैकी कोणाला पायदळात, कोणाला तोफखान्यात, कोणाला रणगाड्यांवर पाठवायचे, याची पद्धत त्याने एकट्याने बसवायची होती. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातून मानसशास्त्र हा मुख्य आणि गणित हा दुय्यम विषय घेऊन मिळवलेली बी. ए. ही त्याची सारी शिदोरी होती. एवढ्या शिदोरीवर आपण त्या सैन्यातले सर्वाधिक शिकलेले मानसशास्त्रज्ञ ठरत होतो, असे त्याने पुढे काहीशा मिश्कीलपणे लिहिले आहे. त्याचा वरिष्ठ रसायनशास्त्राचा पदवीधर होता आणि संख्याशास्त्र व मानसशास्त्र हे दोन्ही विषय तो आपल्या आपण शिकला होता. राष्ट्र सात वर्षांचे होते आणि जे हाताशी असेल त्यावर वेळ मारून नेणे हीच तिथली रीत होती.

हा लेफ्टनंट म्हणजे डॅनियल काहनेमन. पुढे ते प्राध्यापक झाले, २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि २०११ साली, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेले ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ हे पुस्तक जगभर वाचले गेले. त्यांची कारकीर्द सांगताना सहसा नोबेलपासून मागे जाण्याची पद्धत आहे. येथे उलट, त्यांच्या लष्करी सेवेतील एकाच प्रसंगापासून पुढे जायचे आहे. मुलाखत घेणाऱ्या तरुणींनी तक्रार केली आणि या लेफ्टनंटने नाइलाजाने त्यांना एक सवलत दिली, एवढाच तो प्रसंग आहे. ठरावीक प्रश्नांची मुलाखत ही मोकळ्या गप्पांपेक्षा चांगली, एवढाच बोध व्यवस्थापनाच्या वर्गांत या प्रकरणातून काढला जातो. माझ्या मते तो प्रकरणाचा लहान भाग आहे आणि मोठा भाग त्या सवलतीत आहे.

या घटनेचा तपशील मुख्यतः काहनेमन यांच्याच दोन कथनांतून आपल्यापर्यंत येतो. पहिले, नोबेलच्या वेळी लिहिलेले आत्मवृत्त आणि दुसरे, २०११ चे पुस्तक. दोहोंत थोडा फरक आहे आणि तो महत्त्वाचा असल्याने पुढे त्याचा विचार केला आहे.

मैदानावरचा खांब

मुलाखतीच्या कामाआधी एक वेगळा अनुभव त्यांच्या पदरी पडला होता. १९५४ मध्ये सैन्यात दाखल झाल्यावर वर्षभर त्यांनी पलटणीचे नेतृत्व केले आणि मग त्यांची बदली मानसशास्त्र विभागात झाली. अधिकारी प्रशिक्षणासाठी उमेदवार निवडताना निरीक्षक म्हणून हजर राहणे हे तेथील अधूनमधूनचे काम होते. पद्धत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने विकसित केलेली होती. एकमेकांना अनोळखी आठ उमेदवार, अंगावर हुद्द्याची कोणतीही खूण नाही, ओळख म्हणून फक्त क्रमांक. त्यांनी टेलिफोनच्या खांबासारखा लांबलचक ओंडका उचलून भिंतीपाशी न्यायचा आणि ओंडका जमिनीला वा भिंतीला न टेकवता, स्वतःही भिंतीला स्पर्श न करता, सर्वांनी पलीकडे जायचे. स्पर्श झाला तर तो आपणहून जाहीर करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. नेता कोणीही नेमलेला नसे. (ही भिंत आत्मवृत्तात अडीच मीटर उंच आहे आणि पुस्तकात सुमारे सहा फूट. स्मृती कशी रचली जाते यावर ज्याने आयुष्यभर काम केले, त्याच्या आठवणीतही भिंत नऊ वर्षांत दोन फुटांनी खाली यावी, याची मौज वाटते.)

महाराष्ट्रातील अनेक वाचकांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. आपल्याकडे सैन्यातील अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची, म्हणजे एसएसबीची, पद्धत याच ब्रिटिश मुळातून आलेली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या किंवा नाशिकच्या पूर्वप्रशिक्षण संस्थांतून तयारी करून गेलेल्या कोणत्याही मुलाला छातीवरचा चेस्ट नंबर, बल्ली, फळी आणि दोर घेऊन पार करायचे अडथळे आणि बाजूला वही घेऊन उभा असलेला जीटीओ, म्हणजे गटचाचण्या घेणारा अधिकारी, यांविषयी विचारून पाहावे, तो तासभर बोलेल.

निरीक्षक या नात्याने काहनेमन आणि त्यांचे सहकारी हा खेळ पाहत. कोण पुढाकार घेतो, कोण चिडतो, कोण दुसऱ्याची सूचना फेटाळली गेल्यावर गप्प बसतो, कोण दमल्यावरही खांदा काढून घेत नाही, हे सारे समोर उघड होत असे. ताणाखाली माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो, अशी निरीक्षकांची खात्री होती आणि त्यामुळे हा उमेदवार अधिकारी म्हणून कसा निघेल हे सांगताना त्यांना जराही अडखळायला होत नसे. अडचण अशी, की ठरावीक काळाने प्रशिक्षण शाळेकडून प्रत्यक्ष कामगिरीचे आकडे येत आणि निरीक्षकांची भाकिते जवळजवळ निरुपयोगी ठरल्याचे त्यांतून दिसे. दुसऱ्या दिवशी मात्र नवी तुकडी मैदानावर येई आणि तीच माणसे त्याच आत्मविश्वासाने पुन्हा भविष्य वाचू लागत.

भाकिते चुकली यात विशेष काही नाही. आपली भाकिते चुकतात हे आकड्यांनिशी कळूनही दुसऱ्या दिवशीच्या खात्रीत तिळमात्र फरक पडत नाही, ही गोष्ट काहनेमन यांना विलक्षण वाटली. तिला त्यांनी त्या वेळीच एक नाव दिले. मराठीत त्याला ‘यथार्थतेचा आभास’ म्हणता येईल. हा शब्दप्रयोग शास्त्रीय वाङ्मयात यायला मात्र १९७३ साल उजाडावे लागले. दरम्यानची अठरा-एकोणीस वर्षे त्यांच्याजवळ नाव होते, अनुभव होता आणि स्पष्टीकरण नव्हते.

मुलाखतीचे काम आणि छोटेसे बंड

मुलाखतपद्धतीचे काम आले तेव्हा एक व्यवस्था आधीपासून चालू होती. शाळा नुकत्याच पूर्ण केलेल्या, बुद्धिमत्तेत वरचढ आणि लोकांशी वागण्याची आवड असलेल्या, मुख्यतः तरुणी, त्याही सैन्यातच भरती झालेल्या, पंधरा-वीस मिनिटे नव्या सैनिकाशी बोलत, त्याच्याविषयी एकंदर मत बनवत आणि तो लढाऊ तुकडीत कसा ठरेल याचा एक अंदाज नोंदवत. पुढे प्रत्यक्ष कामगिरीशी ताडून पाहता या अंदाजांतूनही हाती फारसे काही लागत नव्हते. अर्थात मैदानावरचा रोग मुलाखतीच्या खोलीतही होता.

काहनेमन यांनी पायदळ, तोफखाना, रणगाडा दल अशा तुकड्यांत फिरून सैनिकांच्या कामगिरीचे आणि स्वभावाचे मूल्यांकन गोळा केले. कोणत्या कामाला कोणता स्वभाव लागतो याचे गणित बसवण्यासाठी त्यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर कित्येक आठवडे घालवले. हे काम मुळातच निष्फळ होते आणि आपण योगायोगाने पडलेल्या आकड्यांत अर्थ शोधत होतो, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे सांगितले आहे. तरीही त्या खटपटीत संख्याशास्त्राचे एक तंत्र निघाले. बर्कलीतील त्यांचे शिक्षक एडविन घिसेली यांनी पुढे ते लिहून काढले आणि तोच काहनेमन यांचा पहिला प्रसिद्ध झालेला लेख ठरला.

कामाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे मुलाखतीची पद्धत, मात्र जमला. आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांचे एक छोटे पुस्तक आले होते. अनुभवी तज्ज्ञाचा अंदाज आणि दोन-चार नोंदी ठरावीक सूत्रात घालून काढलेला अंदाज यांची तुलना करणारी सुमारे वीस संशोधने मील यांनी तपासली होती आणि सूत्र बहुधा तज्ज्ञाच्या बरोबरीचे किंवा त्याहून सरस ठरते असे दाखवले होते. ते वाचून काहनेमन यांनी दोन बदल केले. एक, सहा गुण निवडून प्रत्येकासाठी वेगळे प्रश्न ठरवले. जबाबदारीची जाणीव, लोकांत मिसळण्याची वृत्ती आणि त्या काळच्या भाषेत ‘पुरुषी अभिमान’ हे त्यांतले काही गुण. दोन, प्रश्न शक्यतो घडून गेलेल्या गोष्टींविषयीचे ठेवले. आतापर्यंत किती ठिकाणी कामे केली, कामावर वा शाळेत वेळेवर आणि नियमित जात होतास का, मित्रांना किती वेळा भेटतोस, कोणते खेळ खेळतोस. एका गुणाचे प्रश्न संपले की लगेच त्याचे गुणांकन करायचे आणि मगच पुढच्या गुणाकडे वळायचे. हा सैनिक पुढे कसा निघेल, याचा विचार मुलाखतकार तरुणींनी करायचाच नव्हता, तो सूत्राने करायचा होता.

या क्रमामागचे कारण नीट पाहायला हवे. समोरचा मुलगा रुबाबात आत आला, स्पष्ट बोलला, की पहिल्या दोन मिनिटांत मत तयार होते आणि पुढची सर्व उत्तरे त्या मताच्या उजेडात ऐकली जातात. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला वलय परिणाम म्हणतात. प्रत्येक गुणाचा आकडा त्या त्या वेळी कागदावर उतरवून टाकला की एका खणातला प्रकाश दुसऱ्या खणात फार झिरपत नाही. भिंती कागदाच्या असल्या तरी उपयोगी पडतात.

मुलाखतकार तरुणींना हे मुळीच आवडले नाही. माणूस ओळखण्याच्या आपल्या कौशल्याचा त्यांना अभिमान होता, त्यासाठीच त्यांची निवड झाली होती, आणि आता एक समवयस्क अधिकारी त्यांना यादी वाचून आकडे भरायला सांगत होता. तुम्ही आम्हाला यंत्रमानव करून टाकत आहात, अशी त्यांची तक्रार होती. तुम्ही नोंदींत सातत्य राखा, त्या नोंदी खऱ्या ठरतात की नाही हे माझ्यावर सोडा, असे उत्तर काहनेमन यांनी प्रथम दिले. एकवीस वर्षांच्या आत्मविश्वासाला शोभेल असेच ते उत्तर होते आणि त्याने कोणाचेही समाधान झाले नाही.

तेव्हा त्यांनी माघार घेतली. सहाही गुणांची नोंद सांगितल्याप्रमाणे काटेकोरपणे करा आणि ती झाली की डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून कसा दिसेल याची कल्पना करा आणि एक ते पाच यांमधला जो आकडा तुम्हाला योग्य वाटेल तो द्या, असे त्यांनी सांगितले. या सातव्या आकड्याकडून त्यांची काही अपेक्षा असल्याचे दिसत नाही. काम बंद पडू नये म्हणून केलेली ती तडजोड होती.

आकडे काय सांगतात

काही महिन्यांनी तुकड्यांतील कामगिरीचे आकडे आले. काहनेमन यांच्या आठवणीनुसार जुन्या पद्धतीत अंदाज आणि कामगिरी यांच्यातील सहसंबंध ०.१० च्या आसपास होता आणि नव्या पद्धतीत तो ०.३० च्या जवळ गेला. संख्याशास्त्राशी फारसा संबंध नसलेल्या वाचकाला हे आकडे किरकोळ वाटतील, म्हणून त्यांचा अर्थ सांगतो. दोन सैनिक यदृच्छेने निवडले, तर मुलाखतीत वरचा ठरलेला सैनिक प्रत्यक्ष कामगिरीतही वरचा निघण्याची शक्यता ०.१० ला सुमारे ५३ टक्के असते, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा नावापुरतीच बरी. ०.३० ला ती सुमारे ६० टक्के होते. एका माणसाबाबत निर्णय घेताना ही सुधारणा जाणवणारही नाही, परंतु दरवर्षी हजारो तरुण ज्या दारातून जातात तेथे तिचे मोल मोठे आहे. त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे, की सुधारलेली पद्धतसुद्धा दहापैकी चार वेळा चुकत होती. या पद्धतीचे गोडवे गाताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

खरे आश्चर्य सातव्या आकड्याचे होते. समजूत घालण्यासाठी दिलेला तो डोळे मिटून काढलेला आकडा निरुपयोगी ठरला नाही. आत्मवृत्तात काहनेमन म्हणतात की मुलाखतकारांनी दिलेल्या सर्व आकड्यांत तोच कितीतरी अधिक खरा ठरला. पुस्तकात ते म्हणतात की सहा आकड्यांच्या बेरजेइतकाच तो चांगला ठरला. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण पहिली तुलना सुट्या आकड्यांशी आहे आणि दुसरी बेरजेशी. वाचणाऱ्याच्या मनावर मात्र दोहोंचा ठसा वेगळा उमटतो. पहिल्यात अंतःप्रेरणा जिंकते, दुसऱ्यात ती सूत्राच्या बरोबरीने बसते. काहनेमन यांनी केलेला अंतिम निर्णय दुसऱ्या कथनाला धरून आहे. त्यांनी सूत्र असे ठरवले, की सहा आकड्यांच्या बेरजेला निम्मे वजन आणि सातव्या आकड्याला निम्मे.

त्याच तरुणी, तसाच मुलाखतीचा अवधी, तशीच खोली. आधी याच अंतःप्रेरणेला काही दिसत नव्हते आणि आता दिसू लागले. बदलले होते ते प्रश्न आणि नोंदीचा क्रम. नोबेलनंतर इस्रायलला गेले असताना त्यांना आपल्या जुन्या तळावर नेण्यात आले. तेथील मानसशास्त्र विभागाच्या प्रमुख महिला अधिकाऱ्याने चालू पद्धत समजावून सांगितली तेव्हा ती पद्धत साधारण तशीच राहिल्याचे आणि शेवटी डोळे मिटण्याची सूचना अजूनही दिली जात असल्याचे त्यांच्या कानावर आले. मध्ये जवळजवळ पंचेचाळीस वर्षे गेली होती.

वर्गात

१९५६ मध्ये सैन्यातून बाहेर पडल्यावर ते १९५८ मध्ये पत्नीसह कॅलिफोर्नियात बर्कलीला गेले, १९६१ मध्ये पीएच. डी. घेऊन परतले आणि हिब्रू विद्यापीठात शिकवू लागले. सैन्यातले प्रश्न वर्गात त्यांच्यामागे आले, असे म्हणायला चांगला आधार आहे. नवखे प्राध्यापक असताना ते उत्तरपत्रिका सर्वसाधारण पद्धतीने तपासत, म्हणजे एका विद्यार्थ्याचे सर्व निबंध सलग वाचून गुण देत आणि मग पुढची वही घेत. पहिल्या निबंधाला भरघोस गुण दिले की दुसऱ्यातली संदिग्ध वाक्ये आपण विद्यार्थ्याच्या बाजूने वाचतो, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी सर्व विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न तपासायचा, गुण वहीच्या आतल्या पानावर लिहायचे आणि तिकडे न बघता दुसरा प्रश्न हाती घ्यायचा, अशी रीत धरली. परिणाम सुखावह नव्हता. एकाच विद्यार्थ्याच्या दोन निबंधांच्या गुणांत मोठी तफावत दिसू लागली आणि आपल्या तपासणीवरचा त्यांचा स्वतःचा विश्वास डळमळला. पूर्वीच्या गुणांतली सुसंगती हा त्यांच्याच पहिल्या मताचा प्रतिध्वनी होता आणि नवी अस्वस्थता अधिक प्रामाणिक होती. मुलाखतीच्या सहा खणांचा हाच न्याय उत्तरपत्रिकेला लावलेला आहे. ज्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत गठ्ठ्यांवर गठ्ठे तपासले आहेत अशा कोणाही प्राध्यापकाला हा परिच्छेद टोचल्याशिवाय राहणार नाही.

लष्कराशी संबंधही सुटला नव्हता. हवाई दलाच्या प्रशिक्षकांना ते एकदा सांगत होते, की शिक्षेपेक्षा शाबासकीने कौशल्य लवकर येते. एका मुरलेल्या प्रशिक्षकाने उठून आपला अनुभव उलटा असल्याचे सांगितले. उत्तम कसरतीबद्दल कौतुक केले की पुढची कसरत बिघडते आणि वाईट कसरतीबद्दल खडसावले की पुढची सुधारते, असे त्याचे म्हणणे होते. निरीक्षण अगदी खरे होते. काहनेमन यांनी जमिनीवर खडूने एक खूण केली आणि प्रत्येकाला पाठ करून उभे राहून तिच्यावर न पाहता दोन नाणी फेकायला लावली. पहिले नाणे खुणेच्या अगदी जवळ टाकणाऱ्यांचे दुसरे बहुतेक दूर गेले आणि पहिले दूर टाकणाऱ्यांचे दुसरे जवळ आले, कोणी कोणाला शाबासकी वा शिवी दिलेली नसताना. असाधारण चांगल्या वा वाईट कामगिरीत नशिबाचा वाटा असतो आणि पुढच्या खेपेला ती सरासरीकडे सरकते. प्रशिक्षकाने त्या सरकण्याचे श्रेय आपल्या आवाजाला दिले होते. मैदानावरच्या ओंडक्याशी याचे नाते जवळचे आहे. भिंतीपाशी थोडा वेळ नेतृत्व करणारा मुलगा पुढेही तितकाच चमकेल हे भाकीत या सरकण्याचा विचारच करत नाही.

१९६९ च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ अमोस ट्वर्स्की काहनेमन यांच्या वर्गात पाहुणे म्हणून बोलायला आले आणि तेथून दोघांचे संयुक्त काम सुरू झाले. ते सर्वपरिचित असल्याने येथे थोडक्यात आटोपतो. १९७१ मध्ये छोट्या नमुन्यांवर संशोधकही किती भाबडा विश्वास ठेवतात यावरचा लेख, १९७३ मध्ये भाकितांच्या मानसशास्त्रावरचा लेख, १९७४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला अनिश्चिततेतील निर्णयांवरचा लेख आणि १९७९ मध्ये ‘इकॉनॉमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रॉस्पेक्ट थिअरी, म्हणजे जोखमीचे निर्णय घेताना माणूस नफा-तोटा कसा तोलतो याचा सिद्धांत. यांतल्या १९७३ च्या लेखात ‘यथार्थतेचा आभास’ हा लष्करी मैदानावरचा जुना शब्द अखेर छापून आला आणि त्यासोबत स्पष्टीकरणही आले. हाती असलेली माहिती एकमेकींशी जितकी जुळते तितकी आपली खात्री वाढते, मग ती माहिती भाकितासाठी कितीही अपुरी असो. त्याच वर्षी इस्रायल आणि अरब राष्ट्रांत झालेल्या ऑक्टोबर युद्धात एकाच तळावरील दोन हवाई तुकड्यांपैकी एकीची चार विमाने पडली आणि दुसरीचे एकही पडले नाही, तेव्हा कारण शोधणारी चौकशी थांबवा, हा बहुधा नशिबाचा भाग आहे, असा सल्ला काहनेमन यांनी दिला. युद्धात माणसे गमावलेल्या तुकडीसमोर असे बोलण्यास किती धैर्य लागते, आणि ऐकणाऱ्याला ते किती कोरडे वाटू शकते, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पुढे व्हँकुव्हर, पुन्हा बर्कली आणि १९९३ पासून प्रिन्स्टन असा प्रवास झाला. ट्वर्स्की १९९६ मध्ये वारले आणि नोबेल मरणोत्तर दिले जात नसल्याने २००२ च्या सन्मानात काहनेमन यांच्यासोबत अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन स्मिथ यांचे नाव होते, ट्वर्स्कींचे नव्हते.

लेखक म्हणून

लेखक या भूमिकेत काहनेमन यांचे वैशिष्ट्य असे, की आपले सिद्धांत ते बहुधा स्वतःच्या फजितीतून सांगतात. मैदानावर फसलेला निरीक्षक, वह्या तपासताना पक्षपात करणारा प्राध्यापक, शालेय अभ्यासक्रमाचे पुस्तक दोनेक वर्षांत संपेल असे मानणारा समितीप्रमुख (ते संपायला आठ वर्षे लागली आणि ते वापरलेही गेले नाही), असे तेच ते पुनःपुन्हा पानावर येतात. वाचकाला विश्वास वाटतो तो यामुळे. २०२१ मध्ये ऑलिव्हिए सिबोनी आणि कॅस सनस्टीन यांच्यासह लिहिलेल्या ‘नॉइज’मध्ये निर्णयाचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मोजा आणि एकंदर मत शेवटपर्यंत लांबणीवर टाका, असा सल्ला मध्यवर्ती आहे. १९५५ ची कार्यपद्धती सहासष्ट वर्षांनी कंपन्यांच्या संचालकांसमोर ठेवली गेली, असे त्याचे वर्णन करता येईल.

मात्र आभास ओळखणारा माणूसही आभासातून सुटत नाही. २०११ च्या पुस्तकात, नकळत दिसलेल्या शब्दांचा वागण्यावर परिणाम होतो असे सांगणाऱ्या प्रयोगांवर एक प्रकरण आहे आणि त्यात या निष्कर्षांवर अविश्वास दाखवण्याची सोय नाही अशा अर्थाचे ठाम विधान आहे. पुढे त्यांतील अनेक प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत. फार छोट्या नमुन्यांच्या संशोधनांवर आपण अवाजवी विश्वास टाकला, असे काहनेमन यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे मान्य केले. १९७१ चा त्यांचा आणि ट्वर्स्कींचा पहिला लेख नेमका याच चुकीवर होता. प्रयोग एकमेकांशी सुंदर जुळत होते आणि जुळणीने खात्री निर्माण केली, जशी ती ओंडक्याच्या मैदानावर होत असे.

सवलतीचा उलगडा

आता मूळ प्रसंगाकडे. सातवा आकडा का चालला, याचे काहनेमन यांनी दिलेले उत्तर माहितीच्या अंगाने आहे. आधी शिस्तीने, सुटी सुटी माहिती गोळा झाली, म्हणून नंतरच्या अंतःप्रेरणेला काम करायला चांगले साहित्य मिळाले. २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांच्यासोबत लिहिलेल्या लेखात तज्ज्ञाच्या अंतःप्रेरणेसाठी त्यांनी दोन अटी मांडल्या. परिस्थितीत काही नियमितता असावी आणि आपल्या अंदाजाचे काय झाले हे अंदाज करणाऱ्याला पुरेशा वेळा कळावे. मुलाखतकार तरुणींच्या बाबतीत दुसरी अट नीट पुरी होत असेल असे वाटत नाही, कारण त्यांनी पाहिलेला मुलगा तुकडीत जाई आणि त्याचे पुढे काय झाले ते काही महिन्यांनी एखाद्या तक्त्यात बेरजेच्या रूपाने येई. तरीही त्यांचा आकडा चालला. म्हणजे काहनेमन यांच्या स्वतःच्या नंतरच्या कसोटीवर हे प्रकरण पुरते बसत नाही.

येथे दुसरी एक शक्यता दिसते आणि तिचा विचार काहनेमन यांच्या कथनात फारसा नाही. सवलत मिळण्याआधी त्या तरुणी नाराज होत्या. नाराज माणूस सहा रकाने भरतो तेव्हा ते कसे भरतो, हे कोणत्याही कार्यालयातल्या माणसाला सांगायला नको. शेवटचा आकडा आपला आहे, तेथे आपल्या नजरेला मान आहे, हे कळल्यावर आधीचे सहा आकडे त्यांनी अधिक मनापासून भरले असतील. तसे असेल तर सवलतीने दोन कामे एकदम केली. तिने अंतःप्रेरणेला योग्य जागी बसवले आणि तिच्या आधीची शिस्त कागदावरून प्रत्यक्षात आणली. ०.१० चा ०.३० होण्यात कोणत्या कामाचा वाटा किती, हे उपलब्ध आकड्यांवरून वेगळे करता येत नाही, कारण तुलना जुनी पद्धत आणि सवलतीसह नवी पद्धत यांचीच आहे.

आपल्या एसएसबीत मानसशास्त्रज्ञ, मुलाखत अधिकारी आणि जीटीओ आपापले मूल्यांकन स्वतंत्रपणे करतात आणि शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्येच ते एकत्र येते. मताला उशीर करण्याचे तत्त्व तेथे वेगळ्या वाटेने आलेले आहे. फरक असा, की तेथे खण माणसांत विभागलेले आहेत आणि १९५५ च्या खोलीत ते एकाच तरुणीच्या कागदावर होते, तिच्या स्वतःच्या राजीखुशीवर अवलंबून.

ही शंका फेडायची असती तर त्या वेळी मुलाखतकारांचे दोन गट करावे लागले असते. दोघांकडून सहा आकडे घ्यायचे, सातवा मात्र एकाच गटाकडून, आणि मग दोन्ही गटांच्या फक्त सहा आकड्यांची बेरीज कामगिरीशी ताडून पाहायची. सवलत मिळालेल्या गटाची बेरीज सरस निघाली असती, तर राजीखुशीचा वाटा दिसला असता. त्यासाठी निम्म्या तरुणींची तक्रार आणखी काही महिने तशीच ठेवावी लागली असती आणि नव्या सैनिकांची पुढची तुकडी दारात उभी होती.